पासलीचा चौकोन

रोज सकाळी साडेदहाला आमच्या दैनिकाची व्हिडिओ मीटिंग भरते. तिच्यात आजवर जेवढे चौकोन येऊन गेले त्यांत पासलीच्या चौकोनाइतका संतापलेला चौकोन दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. बाकीचे चौकोन झोपाळू असतात, चहा पीत असतात, काही नुसतेच काळे असतात आणि त्यांच्यावर इंग्रजी आद्याक्षरं असतात. पासलीच्या चौकोनात एक पांढरी टोपी असे, टोपीखाली दोन जाड भुवया, भुवयांखाली रोखून पाहणारे डोळे आणि मागे उघडा डोंगर. मोबाइल नेहमी जरा खाली धरलेला असायचा. त्यामुळे हनुवटी मोठी दिसे आणि आम्हा चौदा जणांना कुणीतरी उंचावरून रागावतंय असं वाटे. ते वाटणं बरोबर होतं. ते गृहस्थ खरोखर उंचावर बसलेले असत आणि खरोखर रागावलेले असत.

हे वेल्हे तालुक्यातल्या पासली गावचे आमचे वार्ताहर. गावात त्यांना नाना म्हणतात, मीही नाना म्हणतो. भाताची खाचरं, दोन म्हशी आणि आमचं दैनिक असे त्यांचे तीन व्याप. पैकी म्हशींवर ते रागावल्याचं कुणी पाहिलेलं नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "मशींशी गोड बोलत्यात, मोबाइलवर डाफरत्यात. दूध कोण देतं ते त्यांना बरोबर कळतंय." मी पुण्याच्या कचेरीत ग्रामीण पानांचा प्रमुख आहे. आठवड्यातले तीन दिवस कचेरीत जातो, उरलेले दिवस भोर तालुक्यातल्या कामथडीच्या वडिलोपार्जित घरून काम करतो. नानांचा माझा परिचय मात्र मीटिंगच्या आधीचा, भोरच्या शाखेपासूनचा. तेव्हा मी तिथे नवा उपसंपादक होतो आणि ते जुने वार्ताहर.

शाखा म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली, दोन टेबलं आणि एक फोन. नाना आठवड्यातून एकदा पासलीहून वेल्ह्याला, तिथून नसरापूरला, तिथून भोरला असे गाड्या बदलत येत. एरवी बातमी पाकिटात घालून कंडक्टरच्या हाती देत. पाकिटावर 'बातमी, तातडीचे' असं असे आणि खाली लाल शाईत 'भिजू देऊ नये'. एकदा एक कंडक्टर पाकीट उतरवायला विसरला आणि संध्याकाळी तेच पाकीट पुन्हा पासलीला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी नाना त्याच्याच गाडीत बसले, त्याच्या शेजारच्या सीटवर, पाकीट मांडीवर ठेवून. वेल्ह्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. फक्त दर थांब्याला त्याच्याकडे बघत. तो कंडक्टर पुढे मला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, साहेब. मला त्या दिवशी तिकिटं फाडता येईनात."

बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव छापलेलं असतं आणि त्यापुढे 'वार्ताहर' असा शब्द. वाचक तो ओलांडून पुढे जातो. नानांच्या लेखी बातमीतला सगळ्यांत महत्त्वाचा मजकूर तोच. 'पासली' छापलं याचा अर्थ, वार्ताहर तिथे स्वतःच्या पायांवर उभा होता आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका पावसाळ्यात घाटाच्या बाजूला दरड पडल्याचं कानावर आलं. मी फोनवर म्हणालो, ऐकीव म्हणून चार ओळी द्या. ते म्हणाले, "ऐकीव असंल तर तुमीच लिवा. तुमाला बी ऐकूच आलंय की." मग ते चालत गेले, दरड पाहिली, ती किती पावलं रुंद आहे ते मोजलं. बातमी दोन दिवस उशिरा आली. तिच्यात पावलांचा आकडा होता, आणि पावलं कुणाची तेही होतं. एरवी आमी-तुमी करत बोलणारा हा माणूस बातमी लिहायला बसला की स्वच्छ ग्रांथिक मराठी लिही. तिच्यात मला कधी एक शब्द बदलावा लागला नाही.

महासाथीत भोरची शाखा तात्पुरती बंद झाली. 'तात्पुरती' हा शब्द परिपत्रकात होता. नंतर खोली सोडली, पाटी उतरवली आणि सगळ्या वार्ताहरांच्या मोबाइलवर एक लिंक आली. नानांचा राग त्या दिवशी सुरू झाला.

त्यांच्या घरात रेंज नाही. पासलीत ती देवळामागच्या कातळावर येते, त्यामुळे गावातले सगळे फोन तिथे जाऊन केले जातात. नाना सव्वादहालाच कातळावर जात, घोंगडी अंथरत, चपला काढून बाजूला ठेवत आणि इस्त्रीच्या सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावत. चपला कॅमेऱ्यात दिसत नाहीत, असं मी एकदा सुचवलं. "तुमाला दिसत न्हाईत. मला म्हाईत हायेत ना," ते म्हणाले. मीटिंगला पंधरा मिनिटं आधी आल्यामुळे रोज तेवढा वेळ त्यांना पडद्यावरची एक सूचना वाचत बसावं लागे, की यजमान तुम्हाला आत घेईपर्यंत थांबा. मीटिंगची लिंक पाठवतो त्याला त्या सॉफ्टवेअरच्या मराठीत यजमान म्हणतात. आमचा यजमान म्हणजे पुण्याच्या कचेरीतला समन्वयक, एक तरुण, हुशार आणि अतिशय नम्र मुलगा. त्याच्याशी माझं वैर नाही. नानांचं पहिल्या दिवसापासून होतं. "बत्तीस वर्सं बातम्या दिल्या. कलेक्टरांच्या दारातबी म्या इतका उभा ऱ्हायलो न्हाई," असं ते आत आल्या आल्या रोज म्हणत. समन्वयक रोज "सॉरी सर" म्हणे. 'सर' या शब्दावर ते आणखी भडकत. पावणेअकराला वेल्ह्याकडून येणारी एसटी देवळापाशी वळायची, ड्रायव्हर नानांना पाहून हॉर्न द्यायचा, तेव्हा समन्वयकाच्या कपाळावर आठी पडे आणि नानांच्या तेवढ्यापुरती नाहीशी होई.

दुसरा राग पाठीमागच्या देखाव्यावर. समन्वयकाने सगळ्यांना सांगितलं होतं की मागचं दृश्य धूसर करून बसा, लक्ष विचलित होतं. नाना म्हणाले, "वार्ताहराच्या मागं त्याचं गाव न्हाई दिसायचं, तर काय दिसायचं?" ही गोष्ट तिथेच थांबली असती. पण त्याच आठवड्यात शहर पानाच्या एका सहकाऱ्याच्या मागे छतापर्यंत पुस्तकांची कपाटं दिसली. नानांना पुस्तकांबद्दल आदर आहे. त्यांनी विचारलं, "कुठं आहात आपण?" सहकारी म्हणाला, घरी. "ही समदी आपली?" सहकारी हसला आणि म्हणाला की ती खरी नाहीत, सॉफ्टवेअरमध्येच मिळतात.  मीटिंग संपल्यावर नाना मला फोन करून म्हणाले, "ज्याला आपण कुठं बसलोय त्ये खरं सांगता येत न्हाई, त्यानं बातमी कुठली म्हणून मला इचारू न्हये." मी म्हणालो, अहो, गंमत असते ती. "पुस्तकांची गंमत? मग बातम्यांची कवा करणार हायेत, तारीख कळवा."

बोलायचं असेल तर पडद्यावरचा पिवळा हात वर करायचा असतो. नाना स्वतःचा करत. ग्रामसभेतली त्यांची रीत अशी की हरकतीसाठी हात वर केला की दखल घेतल्याशिवाय तो खाली घ्यायचा नाही, नाहीतर हरकत मागे घेतली असं इतिवृत्तात लिहितात. एका सोमवारी चौकोन जास्त होते, पासलीचा चौकोन दुसऱ्या पानावर गेला आणि तो कुणालाच दिसेना. नाना वीस मिनिटं हात वर करून बसले होते. मधे त्यांनी डाव्या हाताने उजव्याला टेकू दिला. मीटिंग संपता संपता कुणीतरी पान उलटलं आणि आम्हाला टोपीवर ताठ उभा राहिलेला तो हात दिसला. समन्वयकाने विचारलं, "सर, काही म्हणायचंय का?" नाना म्हणाले, "म्हणायचं व्हतं. आता हात दुखतोय, येवढंच म्हणायचंय."

पण त्यांचा सगळ्यांत खोल राग होता तो उठून जाण्याच्या पद्धतीवर. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो आणि घरचा कुणीतरी 'या' म्हणतो. ते 'या' कानावर पडल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मीटिंग संपली की समन्वयक आभार मानायचा आणि चौकोन पटापट विझत जायचे. नाना टोपी नीट करून म्हणायचे, "येतो." आणि थांबायचे. कुणी काही म्हणायचं नाही, कारण तोवर बहुतेक जण गेलेले असत. ते तसेच बसून राहायचे, रागाने, समोरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी थांबायला लागलो. ते 'येतो' म्हणत, मी 'या' म्हणे, आणि मग ते लाल बटण दाबत. मीटिंगमधलं रोजचं एवढं एकच काम रीतीने पार पडत असे आणि ते कुठेही नोंदवलेलं नाही.

आता साकवाची गोष्ट. पासलीच्या वर, ओढ्यापलीकडे, एक धनगरवाडी आहे. वाडीची माणसं, शाळेची मुलं, शेरडं, सगळी एका साकवावरून ये-जा करतात. गेल्या पावसाळ्यात साकवाचा एका बाजूचा कठडा वाहून गेला आणि मधली एक फरशी खाली गेली. नानांनी बातमी दिली, ती आली. पुढे काही महिन्यांनी एका सरकारी खात्याची आढावा बैठक झाली. अशा बैठका आता साहेबलोक पडद्यावरच घेतात, तिला व्हीसी म्हणतात आणि तिची लिंक पत्रकारांनाही मिळते. आमच्या समन्वयकाने पुण्यात बसून व्हीसी पाहिली. तिच्यात दुरुस्त झालेल्या साकवांचे फोटो दाखवले गेले आणि एकाखाली पासलीचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात तीन कॉलमात बातमी आली: 'वरच्या वाडीचा साकव दुरुस्त, ग्रामस्थांत समाधान'. सुरुवातीला छापलं होतं, पासली, वार्ताहर.

त्या सकाळी नानांनी कलेक्टरांच्या दाराचं रोजचं वाक्य म्हटलं नाही. ते अतिशय शांत होते. मला पाकीट विसरलेला तो कंडक्टर आठवला.

"ही बातमी कुणी दिली?"

समन्वयकाने सांगितलं, व्हीसीत साहेबांनी फोटो दाखवला, त्यावरून केली.

"पासली छापलंय. पासलीत वार्ताहर एकच हाय. म्या दिली न्हाई."

"सर, ती आपली छापायची पद्धत आहे. ज्या गावची बातमी त्या गावचं नाव."

"आणि समाधान कुणाला झालं? त्याचं नाव सांगा. म्या त्याला भेटून येतो."

समन्वयक म्हणाला, फोटो अधिकृत आहे. नानांनी छापलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यावर बोट ठेवलं. साकवाच्या मागे एक उंच झाड होतं. "ह्यो नारळ. आमच्या हितं वर नारळ उगवत न्हाई. उद्घाटनाला फोडायला येतो फकस्त. आणि या साकवाला तोबी अजून आलेला न्हाई."

दोघे-तिघे हसले. समन्वयकही हसला आणि म्हणाला, "सर, आपण हा विषय ऑफलाइन घेऊ."

"ऑफलाइन म्हंजे कुठं? जागा सांगा. कुठल्या गाडीनं यायचं तेबी सांगा. येतो म्या."

 समन्वयकाने पुढचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी नाना मीटिंगला उभे राहिले. कातळावरून ओढा आणि पलीकडची वाडी समोर दिसते. साकव सरळ रेषेत फार लांब नाही, पण त्या खोलगट भागात रेंज नाही. नानांनी मोबाइल साकवाकडे वळवला. आमच्या पडद्यावर हिरवट पार्श्वभूमीवर एक राखाडी रेघ दिसली आणि तीही मधेच गोठली. समन्वयक म्हणाला, "सर, नीट दिसत नाही."

"दिसत न्हाई, तर ऐका."

त्यांनी मोबाइल एका धोंड्याला टेकवून उभा केला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि हाळी दिली. "ठकूबाऽऽय." या भागात डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला बोलायची हीच रीत आहे. शब्द ताणायचा, मग गप्प राहायचं, तो पलीकडे पोचून उत्तर परत येईपर्यंत दम धरायचा. ठकूबाई त्या वाडीतली, शेरडं राखणारी, नानांच्याच वयाची. नाना कानामागे हात धरून उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ओरडले, "साकव झाला काऽऽ?" पुन्हा कानामागे हात. आम्ही चौदा जण एका म्हाताऱ्या माणसाला ऐकताना पाहत होतो.  त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, खटल्यात साक्षीदार चांगला बोलल्यावर वकिलाचा होतो तसा. ते खाली बसले आणि म्हणाले, "ऐकलंत?"

कुणीच काही ऐकलं नव्हतं.

"आवं, स्पष्ट बोलली की. कठडा न्हाई, फरशी न्हाई, परवा एक करडू खाली पडलं, पाय मोडला त्याचा. येवढं समदं बोलली. तुमी काय करत व्हता?"

समन्वयकाने सौम्यपणे समजावून सांगितलं, "सर, ॲप मागचे बारीक आवाज आपोआप काढून टाकतं. बोलणाऱ्याचा तेवढा ठेवतं. मीटिंगला त्रास नको म्हणून."

"ती मागचा आवाज न्हाई," नाना म्हणाले. "ती समोरची बाई हाय. मागं तुमी हायसा."

त्या वेळी मी कामथडीत माझ्या टेबलाशी होतो. माझा कॅमेरा बंद होता. हाळी किती लांबून नीट ऐकू येते हे त्या चौदा जणांत फक्त मला माहीत होतं. ॲपने जे काढून टाकलं ती बातमी होती, हेही मला कळलं होतं. मी म्यूट काढलं नाही. मीटिंग पुढे गेली आणि तिच्यात शनिवारच्या पुरवणीचा विषय झाला.

नानांनी जाहीर केलं की चूक छापली ती चूक म्हणून छापा, तोवर पासलीची बातमी यायची नाही. मीटिंगला मात्र ते रोज येत. इस्त्रीचा सदरा, टोपी, भुवया. त्यांची पाळी आली की विचारत, "दुरुस्ती छापली का?" समन्वयक म्हणे, "प्रक्रियेत आहे, सर." नाना म्हणत, "मग बातमी न्हाई." आणि पुढच्या गावाची पाळी येई. दोन आठवडे बातमी न देणाऱ्या वार्ताहराचं नाव यादीतून कमी होतं, असा आमच्याकडे नवा नियम आहे. समन्वयकाने तो त्यांना दोनदा ऐकवला, दोन्ही वेळा आदराने. बत्तीस वर्षांची वार्ताहरकी चार ओळींच्या दुरुस्तीवर अडली होती, आणि त्या चार ओळी कुणी थांबवल्या होत्या असंही नाही. त्या नुसत्या कुणाच्याच कामात बसत नव्हत्या. दुरुस्ती छापायची तर खातरजमा हवी, आणि खातरजमा करायला पुण्याहून कुणी जाणार नव्हतं, कारण खातरजमेसाठी तर पासलीला वार्ताहर ठेवला होता.

दहाव्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि पासलीला गेलो. नाना पुढे चालत राहिले, मी मागून. साकवाला कठडा नव्हता. मधली फरशी नव्हती, तिथे दोन वासे टाकले होते. मी पावलं मोजली, माझी अठरा भरली. पलीकडे ठकूबाई शेरडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमीच व्हय ते, ज्यास्नी ऐकू येत न्हाई?" मी हो म्हणालो. "एवढ्या तरण्या वयात," त्या म्हणाल्या आणि शेरडांकडे वळल्या.

दुरुस्ती मी लिहिली. साकव दुरुस्त झालेला नाही, प्रसिद्ध झालेला फोटो अन्य ठिकाणचा आहे, ग्रामस्थांत समाधान नाही. ती आतल्या पानावर तळाला आली. नानांनी फोनवर सांगितलं, "बातमी तीन कॉलम, दुरुस्ती एक बोट. चालंल. खोटं रुंद असतंय." त्याच दिवशी त्यांच्या तीन बातम्या आल्या, तिन्ही निर्दोष.

नंतरच्या तिसऱ्या सोमवारी मीटिंगला संपादक होते. ते कॅमेरा बंद ठेवून येतात. त्यांच्या आवाजाने सांगितलं की भोर आणि वेल्हे मिळून आता एक डेस्क राहील, तो पुण्यातून चालेल, गावोगावच्या वार्ताहरांची रचना संपुष्टात येत आहे, त्यांच्या योगदानाबद्दल दैनिक ऋणी आहे. सगळ्याला सात मिनिटं लागली. मग पडद्यावर टाळ्या वाजवणारे पिवळे हात आणि लाल बदाम खालून वर तरंगत गेले. आपल्यालाच निरोप दिला जातोय हे काही वार्ताहरांना तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनीही बदाम पाठवले.

नानांना कळलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी टोपी सरळ केली, सगळ्या चौकोनांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "येतो."

मी म्यूट काढायला बटण शोधत होतो. ते सापडण्याआधी पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक ओळ आली: यजमानाने ही मीटिंग संपवली आहे. हे मी कारण म्हणून देत नाही, घडलं तसं लिहितो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला गावांचे चौकोन नव्हते, पासलीचाही नव्हता. त्याची जागा रिकामी राहिली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही. चौकोन गेले की उरलेले आपोआप थोडे मोठे होतात आणि पडदा पूर्वीइतकाच भरलेला दिसतो. पावणेअकराला हॉर्न वाजला नाही, एवढाच फरक. समन्वयकाच्या कपाळावर आता आठी पडत नाही.

रविवारी मी पासलीला गेलो. नाना गोठ्यात होते. त्यांनी हात धुतले, काकूंना चहा टाकायला सांगितलं, माझ्या पोरांची चौकशी केली. मी मीटिंगचा विषय काढला, नियमांना नावं ठेवली, संपादकांबद्दल बोलू नये ते बोललो. "असू द्या," ते म्हणाले. "त्यास्नीबी कामं असत्यात." मी या माणसाचे सगळे राग पाहिले होते. हे 'असू द्या' मला ऐकवलं नाही. काकूही चहा देताना हळूच म्हणाल्या, "कुणावर तरी डाफरा म्हणावं. घर लई गप झालंय."

चहा झाल्यावर आम्ही कातळापर्यंत चालत गेलो. माझी मोटरसायकल देवळापाशी लावली होती. समोर ओढा, त्यावर साकव, मधे दोन वासे. मी हे लिहितो आहे त्या दिवसापर्यंत तो तसाच आहे. मी किक मारण्याआधी म्हणालो, "नाना, येतो." हे वाक्य त्यांना मी पहिल्यांदाच म्हणत होतो, इतके दिवस माझ्याकडे उत्तराचं काम होतं. त्यांचं 'या' आलं नाही. मला वाटलं, हा त्यांचा उरलेला राग असेल, आणि मी तो मान खाली घालून घेतला असता.

"थांबा जरा," ते म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, कातळावर चढले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "ठकूबाऽऽय. पावणं निघालं गंऽऽ." मग ते गप्प राहिले. मीही राहिलो. खालून पाण्याचा आवाज येत होता, शेरडांच्या घंटांचा येत होता, आणि त्या सगळ्यांतून, काहीही गाळलं न जाता, पलीकडच्या अंगावरून सावकाश आलं, "याऽऽ."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "आलं का ऐकू?"

मी हो म्हणालो.